उपदेश केला, डोस पाजले की प्रवचन झोडलं? लिहिणाऱ्यानं काय निवडावं

कथेतलं किंवा अनुवादातलं एखादं पात्र दुसऱ्याला ‘कसं वागावं’ ते सांगत सुटतं, तेव्हा बरेच जण ‘उपदेश केला’ असं लिहून पुढे जातात. मला वाटतं, इथे घाई करू नये. बोलणारा काय म्हणाला यापेक्षा ऐकणाऱ्याला ते कसं लागलं, हे या क्रियापदातून कळतं.

एकच प्रसंग घेऊ. पुतण्यानं हप्त्यांवर बुलेट घेतली. काका घरी आले आणि कर्जाबद्दल बोलू लागले.

‘काकांनी कर्ज न काढण्याचा उपदेश केला.’ यात तक्रार नाही. उपदेशाला गुरूचा मान आहे. गुरुमंत्र घेण्यालाही ‘उपदेश घेणं’च म्हणतात. शिवाय नेमकं काय सांगितलं ते ‘-चा’ लावून त्याच वाक्यात बसवता येतं. निवेदक तटस्थ ठेवायचा असेल तर हेच घ्यावं. पुतण्या वैतागलाय हे मात्र यातून कळणार नाही.

तो वैताग ‘उपदेशाचे डोस पाजले’ मध्ये आहे. पाजतात ते तान्ह्या बाळाला नाहीतर आजाऱ्याला. त्याची इच्छा कुणी विचारत नाही. आणि डोस एकदाच देऊन संपत नाही, म्हणून काकांची ही नेहमीची सवय असेल तर हा वाक्प्रचार चपखल बसतो. फक्त ‘डोस’ इंग्रजी अमदानीतला. पेशवाईतल्या पात्राच्या तोंडी तो आला की वाचक अडखळतो.

‘प्रवचन झोडलं’ यात लांबी आणि आवेश आहे. भाषण झोडतात, व्याख्यान झोडतात, तसंच हे. काका खुर्चीत बसलेत, समोर चहा गार होतोय आणि त्यांना मध्येच तोडायची कुणाची टाप नाही, असं चित्र हवं असेल तर हे निवडा. ‘पुराण लावलं’ हे याच्या शेजारचं वाटतं, पण ते नीतीबद्दल नाहीच, तेचतेपणाबद्दल आहे. बायको नवऱ्याला ‘पुन्हा तेच पुराण लावलंत?’ म्हणते तेव्हा विषय गावच्या जमिनीचाही असू शकतो.

‘बौद्धिक घेतलं’ या शब्दाला स्वतःचा पत्ता आहे. संघाच्या शाखांत आणि 1941 साली सुरू झालेल्या राष्ट्र सेवा दलात, दोन्हीकडे ‘बौद्धिक’ म्हणजे वैचारिक व्याख्यान असतं. तिथून ते बोलण्यात आलं. ज्या घरात असल्या शाखांशी कुणाचा ना कुणाचा संबंध आला, तिथल्या पात्राला ते शोभतं. इतरांच्या तोंडी ते उसनं वाटेल.

सगळ्यात जपून वापरावं ते ‘ब्रह्मज्ञान सांगणं’. ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण’ ही म्हण प्रत्येकाच्या कानात असते. काका ब्रह्मज्ञान सांगू लागले असं लिहिलंत, की काकांवरही कुणाचं तरी कर्ज असणार, अशी वाचकाची अपेक्षा तयार झाली. पुढे तसं काही निघालं नाही तर वाचकाला फसल्यासारखं वाटतं. ढोंग दाखवायचं असेल तरच हे.

आता पुतण्याचं उत्तर. ‘मला अक्कल शिकवू नका’ असं तो म्हणाला तर भांडण जुंपलंच. ‘नका’ म्हटल्यानं त्याची धार कमी होत नाही. मोठा माणूस लहानाला ‘मला शहाणपणा शिकवू नकोस’ म्हणतो ते खपतं, उलट्या दिशेनं नाही. नातं टिकवून नाराजी दाखवायची तर ‘काका, लेक्चर नको ना’ पुरतं. शाळा-कॉलेजातून आलेला हा शब्द घरात बराच सौम्य झालाय. मित्राला तो ‘ग्यान नको देऊस’ म्हणेल, आणि इथे ‘ज्ञान’ असं शुद्ध लिहायचा मोह टाळावा. मराठी उच्चार ‘द्न्यान’ असा होतो. ‘ग्यान’ हा हिंदी उच्चारच त्यातली टर आहे.

‘पाजळणं’ वेगळं. पूर्वी दिवा पाजळत, शस्त्रंही पाजळत. ‘अक्कल पाजळली’ म्हटलं की बोलणारा स्वतःला मिरवतोय, ऐकणाऱ्याचं भलं त्याच्या मनात नाही. आमच्या काकांना ते लावणं अन्यायाचं होईल.

कानउघाडणी, कान टोचणं, कानपिचक्या यांना मी या रांगेत धरत नाही, जरी अनुवादात ते सर्रास घुसतात. कानउघाडणीला नेमकी चूक लागते आणि ती करणाऱ्याला तसा अधिकारही लागतो. पुतण्यानं दोन हप्ते थकवले आणि बँकेचा फोन काकांना आला, तर काकांनी केली ती कानउघाडणी. हप्ते वेळेवर जात असतानाही ते बोलत राहिले, तर डोस.