ह्मोंग घाटाची चांदीची कर्णभूषणं: आठ महिने वापरल्यावर

उत्तर थायलंड आणि लाओसच्या डोंगरांत ह्मोंग जमातीच्या बायका घालतात तो हा घाट. एकच जाड तार, तिला इंग्रजी एससारखं वळण, पुढचं टोक बाणासारखं चपटं. फिरकी नाही, मळसूत्र नाही. दागिना स्वतःच्या वजनावर कानाच्या पाळीत राहतो. जोड 14 ग्रॅमची, भोकात जाते तिथे तार 1.2 मिमी. बारीक काडीला सरावलेल्या भोकात ती पहिल्यांदा अडतेच. अंघोळीनंतर पाळी मऊ असताना खोबरेल लावून, फिरवत फिरवत घालावी.

खरी गोम चांदीत आहे. तिकडची हातघडणीची चांदी बरेचदा 95 टक्क्यांच्या वर असते, दागिन्यांच्या नेहमीच्या 92.5 टक्के चांदीपेक्षा मऊ. म्हणून वळण बोटांनी उघडायचा मोह होतो. उघडू नका. एकाच जागी पुन्हापुन्हा वाकवलं की तार तिथे ताठरते आणि मग केसाएवढी चीर जाते. ताठरली असेल तर सोनाराकडून मंद लाल होईपर्यंत तापवून घ्यावी, पुन्हा मऊ पडते. डाग देऊन सांधलेला दागिना असेल तर तसं आधी सांगावं, नाहीतर सांधा सुटतो.

‘जुना तेवढा शुद्ध’ हा हिशोब इथे धरू नका. या डोंगरांत बरीचशी चांदी नाण्यांतून आली: फ्रेंच इंडोचायनाचा पियास्त्र (तिथलं चांदीचं नाणं) 27 ग्रॅमचा, 90 टक्के, ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया 11.66 ग्रॅमचा, 91.7 टक्के. आपले राणीछाप रुपये तिथल्या आखा जमातीच्या बायकांच्या टोप्यांवर शिवलेले दिसतात, ते याच वाटेने गेलेले.

भीती आहे ती जर्मन सिल्व्हरची. तांबं, निकेल आणि जस्त. चांदी औषधालाही नाही, आणि निकेलने पाळीला खाज सुटते ती वेगळीच. घरी तपासता येतं. 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या वजनकाट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आणा. जोड दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. 14 ग्रॅमला काटा 1.34 च्या आसपास दाखवेल तर चांदी, 1.6 च्या पुढे गेला तर फसगत. पोकळ घडणीला ही युक्ती लागू नाही.

काळवंडणं अटळ, हवेतल्या आणि घामातल्या गंधकामुळे. रिठ्याचं कोमट पाणी, मऊ ब्रश, लगेच कोरडं पुसणं, एवढं पुरतं. अॅल्युमिनियम फॉइल आणि खायच्या सोड्याचा उपाय कोरीव बाणावर करू नका. रेघांत मुद्दाम ठेवलेली काळी छटा निघून जाते आणि नक्षी सपाट दिसते. रबरबँड लावून ठेवणं तर त्याहून वाईट, रबरातही गंधक असतं.

कानाला 7 ग्रॅम दिवसभर नको. चार-पाच तास ठीक, पुढे भोक लांबट होऊ लागतं. हेल्मेट घालण्याआधी काढायचंच. मागचं टोक मानेत टोचतं, ते कानशीने किंचित गोल करून घेतलं तरच ही जोड रोजच्या वापराची होते.