मुंबई मॅरेथॉनची तयारी: पावसाळ्यापासून की दिवाळीनंतर?

जानेवारीत होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर प्रथमच धावू इच्छिणाऱ्यांपुढे दोन मार्ग असतात: जूनपासून थोडे थोडे अंतर वाढवत नेणे, किंवा दिवाळीनंतर कंबर कसून दोन महिन्यांत सगळे उरकणे.

दुसऱ्या मार्गाचे आकर्षण उघड आहे. हवा सुखद झालेली असते, स्पर्धा डोळ्यांसमोर असते आणि उत्साहही दांडगा असतो. परंतु हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत सरावतात, तर स्नायुबंध व हाडे यांना बळकट होण्यास कितीतरी अधिक काळ लागतो, आणि दम टिकतो म्हणून अंतर वाढवत गेलेल्या धावपटूची नडगी नेमकी याच तफावतीमुळे डिसेंबरात ठणकू लागते.

पहिला मार्ग संथ आहे, कंटाळवाणाही आहे. जुलैच्या पावसात, ओले बूट घालून शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती फेऱ्या मारताना प्रगती जाणवतसुद्धा नाही. मात्र आठवड्याचे अंतर साधारण दहा टक्क्यांहून अधिक न वाढवण्याचा धावपटूंमध्ये रूढ असलेला ठोकताळा पाळला आणि दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा हलका ठेवला, तर शरीराला सावरण्यास अवधी मिळतो. स्पर्धेत परतीच्या वाटेवर, पाय जड झालेले असताना येणारा पेडर रोडचा चढ हाच या तयारीचा खरा कस पाहतो.

आधीपासून नियमित अर्धमॅरेथॉन धावणाऱ्यास दिवाळीनंतरची तयारी कदाचित पुरेल. नवख्याने मात्र जूनच गाठावा, आणि तो हुकला असल्यास यंदा दहा किलोमीटरच्या शर्यतीत नाव नोंदवावे.