मौन रिट्रीट : शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार

गावाबाहेर टेकडीवर, काजूच्या झाडांत एक रिट्रीट हाऊस आहे. तिथल्या शनिवार-रविवारच्या मौन रिट्रीटला, म्हणजे बोलणं बंद ठेवून प्रार्थनेत घालवायच्या शिबिराला, जाऊन आले. वास्कोतल्या आमच्या मराठी मंडळीत बरेच जण विचारतायत, म्हणून सविस्तर लिहिते. मी कॅथलिक नाही. नगरकडच्या प्रोटेस्टंट घरातली, लग्न होऊन गोव्यात आले. मिस्साच्या (कॅथलिक उपासनेच्या) वेळी सगळे ख्रिस्तशरीर, म्हणजे प्रसादाची भाकर, घ्यायला उठले की मी बाकावरच बसून प्रार्थना करायचे. कुणी वळून पाहिलं नाही, की काही विचारलं नाही. त्यामुळे ‘आपल्याला चालेल का’ ही शंका मनात असेल तर ती काढून टाका.

मी का गेले ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझा मुलगा बोटीवर इंजिनियर आहे. २०२३च्या अखेरीस तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि माझी झोप गेली. बोट कुठे आहे ते दाखवणारं ॲप मोबाईलवर आहे. पण किनाऱ्यापासून बोट लांब गेली की फुकटच्या ॲपवर तिचा सिग्नल येत नाही, शेवटची जागा तशीच दिसत राहते. रात्री दोनला ती न हलणारी खूण बघायची आणि डोक्यात नको नको ते चालू. प्रार्थना तर रोजचीच होती, पण ‘आमेन’ झालं की हात पुन्हा फोनकडे.

इथे पोचल्या पोचल्या फोन कापडी पिशवीत घालून ऑफिसात ठेवतात. घरच्यांना तिथला लँडलाईन नंबर देऊन ठेवता येतो, म्हणून मी तयार झाले. पद्धत जेझुइट संघाचे संस्थापक, स्पेनचे संत इग्नेशियस लोयोला यांची. त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकाला पोपची मान्यता १५४८ साली मिळाली. मूळ साधना तीस दिवसांची, आपल्याला मिळते ती तिची थोडीशी ओळख. पहिल्या रात्री वयस्कर फादरांनी इग्नेशियस यांचीच गोष्ट सांगितली. १५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय मोडला, महिनोन्‌महिने अंथरुणावर. वाचायला शूर सरदारांच्या कथा हव्या होत्या, घरात मिळालं ते ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रं. पडल्या पडल्या दोन्ही प्रकारचे विचार यायचे आणि दोन्ही गोड वाटायचे. पण पराक्रमाची स्वप्नं संपली की मन कोरडं पडायचं, आणि ख्रिस्तामागे जाण्याचा विचार संपला तरी आनंद मागे राहायचा. विचार येताना कसा वाटतो यापेक्षा जाताना काय ठेवून जातो ते बघा, असं फादर म्हणाले. मला एवढ्या एका गोष्टीसाठी हे रिट्रीट मोलाचं वाटतं.

शनिवारी सकाळी त्यावरच काम. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायची. डावीकडे मनात आलेला विचार, उजवीकडे तो गेल्यावर काय उरलं ते. माझ्या डावीकडे बोट, बोट, बोट. उजवीकडे ‘छाती जड’, ‘सुनेवर चिडले’, ‘प्रार्थना अर्धी’.

मग प्रत्येकाला एकेका मार्गदर्शकाबरोबर अर्धा तास मिळतो. मला एक सिस्टर मिळाल्या. माझी प्रार्थना म्हणजे ‘प्रभू, त्याला सांभाळ’ एवढीच, हे त्यांनी ऐकून घेतलं आणि कोंकणीत म्हणाल्या, “बाय, भंय देवाक सांग, पूण नांव घेवन सांग.” मग त्यांच्यासमोरच मी पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलले : प्रभू, माझं लेकरू परत येणार नाही, याची मला भीती वाटते. खूप रडले. त्यांनी घाई केली नाही.

नंतर फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय, सहा ते आठ ही वचनं, माझ्या मराठी शास्त्रातून (बायबलमधून) सावकाश वाचायला लावली. पौलाने हे तुरुंगातून लिहिलं, बेड्यांत असताना. ‘जे काही सत्य’ इथे सिस्टरांनी थांबवलं. आज तुला खरोखर काय ठाऊक आहे? ठाऊक एवढंच की कंपनीने बोट तांबड्या समुद्रातून न नेता आफ्रिकेला वळसा घालून पाठवलीय, आणि शेवटच्या फोनवर पोरगा जेवून झोपायला निघाला होता. बाकी सगळं मी रचलेलं. ते वचन मी लहानपणी संडेस्कूलमध्ये पाठ केलंय, पण असं हातात धरून वापरायला कुणी शिकवलं नव्हतं.

रात्रीची तपासणी पाव तासाची : आधी दिवसाबद्दल उपकार मानायचे, पवित्र आत्म्याचा प्रकाश मागायचा, दिवस तासातासाने आठवायचा, चुकलं त्याची क्षमा मागायची, उद्यासाठी कृपा मागायची. घरी आल्यावरही करते. भीती गेलेली नाही. पण ती आली की आता तिला कुठे न्यायचं ते कळतं, आणि ॲप सकाळी चहानंतर उघडते.

आता बाकीचं. जेवण साधं आणि चविष्ट, सकाळी पोई (गोव्याचा पाव) नाहीतर पेज-लोणचं, दुपारी हुमण (माशांची आमटी) आणि भात. शनिवारचं दुपारचं व्याख्यान फार लांबलं, जेवणानंतर तास-दीड तास बसणं वयस्करांना जड जातं. खोल्यांना जाळ्या नाहीत, डासांचं औषध न्याच. ठरलेली फी नाही, निघताना पाकिटात जमेल ते ठेवायचं. ज्यांचं नैराश्यावर औषध चालू आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं आणि गोळ्या बंद करू नयेत. हे फादरांनीही पहिल्याच रात्री स्पष्ट सांगितलं, ते मला फार आवडलं.

माझी खरी अडचण भाषेची. सगळं कोंकणी आणि इंग्रजीत. कोंकणी समजते, पण वचन मनात उतरायला मला मराठीच लागतं. १६१६ साली याच गोव्यात, राशोलला, इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ हे काव्य मराठी ओव्यांत छापलं गेलं, मग आज मराठीत रिट्रीट का नसावं? निघताना हे फादरांना बोलून दाखवलं. दहा जण जमले तर उपवासकाळात (ईस्टरआधीच्या दिवसांत) मराठी गट घेऊ म्हणाले. वास्को, फोंडा, डिचोलीकडचं कुणी येणार असेल तर रविवारच्या उपासनेनंतर मला भेटा, नावं लिहून घेतेय.