औषध-वहन तपासायचं: ट्रान्सवेल की किडनी-चिप?

मूत्रपिंडातल्या समीपस्थ नलिकेच्या (गाळणीला लागून असलेल्या नळीच्या) पेशी औषध रक्ताकडून ओढून मूत्राकडे टाकतात, त्यामुळे दोन्ही बाजू वेगळ्या हाताळता यायला हव्यात. ते ट्रान्सवेल (सच्छिद्र पडद्याचा छोटा कप) आणि किडनी-चिप (सूक्ष्म वाहिन्यांत पेशी वाढवायची पट्टी) या दोन्हींत जमतं.

ट्रान्सवेलमध्ये 0.4 मायक्रॉन छिद्रांच्या पडद्यावर पेशींचा थर वाढवतात. एकाच प्लेटवर टेनोफोव्हिर या विषाणूरोधी औषधाच्या अनेक मात्रा, हे वहन रोखणाऱ्या प्रोबेनेसिडसह आणि त्याविना, तपासून होतात. मात्र द्रव स्थिर राहतो.

चिपमध्ये द्रव वाहता असतो. साधारण 0.2 डाइन प्रति चौरस सेंटीमीटर इतक्या प्रवाहाच्या घर्षण-ताणाखाली पेशी उंच होतात, सिलिया (पेशींवरचे केसासारखे सूक्ष्म तंतू) वाढतात. पण पंपातून आलेला एक बुडबुडाही थर उखडतो. शिवाय पीडीएमएसची (एका सिलिकॉन रबराची) चिप तेलात विरघळणारी औषधं शोषते, आणि घटलेलं औषध पेशींनीच वाहून नेलं असं वाटतं. म्हणून पेशीविना कोरी चिप आधी चालवावीच. पेशींच्या थरातली गळती दोन्हीकडे चमकत्या इन्युलिनने (चमकता रंग जोडलेल्या, पेशी वाहून न नेणाऱ्या शर्करेने) मोजावी.

एचके-2 (प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या मानवी नलिका-पेशी) घेतल्यास महागडी चिपही व्यर्थ: त्यांत ओएटी1, ओएटी3 ही रक्ताकडून औषध ओढणारी वाहक प्रथिनं जवळपास नसतातच. ओएटी1 जनुक घातलेल्या पेशी घ्याव्यात.

बरीच औषधं चाळायची तर ट्रान्सवेल पुरे. जैवकृत्रिम मूत्रपिंडासाठी पेशी निवडताना मात्र प्रवाहातली चाचणी टाळू नये.