ग्रेट पिरनीज: राखणीला अव्वल, दाट वस्तीत नको

फ्रान्स-स्पेन सीमेवरच्या पिरनीज पर्वतात मेंढ्या राखण्यासाठी जोपासलेली ही कुत्र्यांची जात. नर साधारण ४५ ते ५५ किलोचा. राखणदार म्हणून आमची पूर्ण पसंती, कारण हा उगाच अंगावर धावत नाही. आधी भुंकतो, मग कळप आणि परका यांच्यामध्ये उभा राहतो. हल्ला अगदी शेवटी. कोकरांशी मात्र विलक्षण मऊ.

आज्ञाधारकपणासाठी आणू नका. धनी जवळ नसताना स्वतः निर्णय घेणाऱ्या कुत्र्यांतूनच ही पैदास झाली, त्यामुळे हाक ऐकूनही तो आधी स्वतःचं पाहतो. मोकळा सोडला की हद्द वाढवत लांब जातो. दीड मीटर उंच, खालून पक्कं कुंपण हवंच. रात्री भुंकणं हा दोष नव्हे, ते त्याचं काम आहे. शेजार जवळ असेल तर दुसरी जात बघा.

दुहेरी कोट, म्हणजे वरचे राठ केस आणि आतली मऊ लव, आठवड्यातून एकदा मुळापर्यंत विंचरा, पण भादरू नका. उन्हापासूनही तोच वाचवतो. मागच्या पायांवरची जोडनखं, म्हणजे पंज्याच्या वर आतल्या बाजूची दोन जादा नखं, जमिनीला घासत नाहीत, म्हणून वाढून मांसात रुततात. महिन्याला तपासून कापा. पिल्लू पोक्त व्हायला सुमारे दोन वर्षं लागतात. तोवर कोंबड्यांत एकटं सोडू नका, खेळता खेळता मारतं.