पेरणी यंत्राचा गंज कशाने काढावा: ग्राइंडर, सायट्रिक, मळी की चार्जर?

मृग तोंडावर आला की मराठवाड्यात तालुक्याच्या वेल्डिंगच्या दुकानांसमोर पेरणी यंत्रं येऊन उभी राहतात. बहुतेकांचं दुखणं एकच. रब्बीची पेरणी उरकल्यावर खताची पेटी धुतलेली नसते. डीएपी-युरियाचा उरलेला चुरा हवेतला ओलावा ओढून घेतो आणि ते खारं पाणी चेन, स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक), शाफ्ट, बोल्ट सगळं खात बसतं. हा गंज काढायचं काम घाणीचं आणि जीव मेटाकुटीला आणणारं, म्हणून त्यासाठी घरगुती जुगाडही बरेच निघाले आहेत. सगळीकडे एकच जुगाड चालत नाही.

यंत्राची चौकट, कुळवाची पास, नांगराचा फाळ असं जाड आणि सपाट लोखंड असेल तर ग्राइंडरला वायर कप, म्हणजे तारांचा वाटीसारखा ब्रश, लावा आणि मोकळे व्हा. तिथे बाकीचं काही करत बसण्यात वेळ जातो. फक्त कप घेताना त्यावर छापलेली फेऱ्यांची मर्यादा वाचा. 4 इंची ग्राइंडर मिनिटाला 11 हजारांच्या आसपास फिरतो, कपची मर्यादा त्याहून कमी असेल तर तो कप परत द्या. सुटलेल्या तारा शर्टातून आरपार अंगात रुततात, त्यामुळे बाजूने बंद असलेला गॉगल हवाच. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तोंडाला मास्कही बांधा. पण चेनच्या कड्या, बोल्टचे आटे, स्प्रॉकेटच्या दातांमधल्या खाचा इथे वायर कप पोचत नाही. वरून चकाकतं आणि आत गंज तसाच राहतो. असल्या मालासाठी पाण्यातले उपाय आहेत.

त्यातला सगळ्यात स्वस्त आणि झटपट उपाय म्हणजे संडास-बाथरूम धुवायचं ॲसिड. ते दुकानात आणूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. बंद शेडमध्ये त्याच्या वाफेने छातीत जळजळतं आणि शेजारी ठेवलेले पाने, ड्रिल, लेथची बेड यांच्यावर तांबूस थर चढतो. एक वस्तू साफ करताना दहा वस्तूंना गंज लागतो.

सायट्रिक त्यापेक्षा कितीतरी शहाणं. लिंबूसत्व म्हणून किराणा दुकानात मिळतं तेच. 10 लिटर पाण्याला अर्धा किलो, प्लास्टिकच्या बादलीत. बोल्ट, नट, पिना, छोटी चेन टाका, काही तासांत गंज सुटायला लागतो. मात्र त्यावर लक्ष ठेवावं लागतं. गंज संपला की आम्ल चांगलं लोखंड खायला लागतं, आणि दोन दिवस विसरलेला बोल्ट खरबरीत, करडा होऊन निघतो. पाणीही थोड्या मालातच थकतं, पुन्हा नवं करावं लागतं.

मळीचा उपाय साखर कारखान्यांच्या पट्ट्यात सोयीचा. शेतात टाकतात ती प्रेसमड नको, पातळ काळी मोलॅसिस हवी. एक भाग मळी, नऊ भाग पाणी. चांगलं लोखंड ती जवळजवळ खात नाही, पण एक-दोन आठवडे किंवा जास्तच लागतात. शिवाय ती आंबते आणि माशा घोंघावतात. हे पिंप घरापासून लांब ठेवा.

आता चार्जर, म्हणजे बॅटरी चार्जरने सोड्याच्या पाण्यात वीज सोडून गंज काढायचा उपाय. माझा कौल याला. प्लास्टिकच्या टबात पाणी, 10 लिटरला दोन-तीन मोठे चमचे धुण्याचा सोडा. कडेने सळईचे भंगार तुकडे उभे करायचे, मधे गंजलेली वस्तू लटकवायची, दोन्ही एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. बॅटरी चार्जरची वजा क्लिप वस्तूला, अधिकची भंगाराला. उलटं जोडलं तर आपलीच वस्तू झिजेल. क्लिपच्या जागी लोखंड खरवडून उघडं करा आणि अधिकची क्लिप पाण्याच्या वर ठेवा. वस्तूभोवती बारीक बुडबुडे सुटतात आणि वर तांबडा फेस जमतो. रात्रभर ठेवून सकाळी स्प्रॉकेट बाहेर काढलं की दातांवर काळा मऊ थर असतो. नायलॉनच्या ब्रशने घासला की तो काजळीसारखा निघून जातो आणि खाली ओतकामाचा छाप, नंबरसुद्धा दिसतात. सळईसमोरची बाजू आधी साफ होते, म्हणून मधे एकदा वस्तू फिरवा.

आपल्या भागात हा उपाय आणखी एका कारणाने सोयीचा. लाइट मधेच गेली तरी बिघडत नाही, सोड्याच्या पाण्यात लोखंड लवकर गंजत नाही. ते पाणी ओतूनही द्यावं लागत नाही, उडालं तेवढंच वर घालायचं. उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर दिवस काढताना याचं मोल कळतं. बोअरच्या जड पाण्यात सोडा टाकल्यावर पांढरा गाळ बसतो, तो बसू द्या, चिमूटभर सोडा वाढवा.

पथ्यं मात्र पाळायलाच हवीत. सोड्याऐवजी मीठ नको, विषारी क्लोरीन सुटतो. भंगार म्हणून स्टेनलेस स्टील लावू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. बुडबुड्यांतला हायड्रोजन पेट घेतो, म्हणून टब उघड्यावर, आसपास बिडी नाही की वेल्डिंग नाही, आणि क्लिप काढण्याआधी चार्जर बंद. चार्जर जुना, ट्रान्सफॉर्मरवाला बघा. नवे ऑटोमॅटिक चार्जर समोर बॅटरी नसली तर सुरूच होत नाहीत. ॲल्युमिनियमचे भाग सोड्यात घालू नका, तो त्यांना खातो.

कल्टीव्हेटरच्या स्प्रिंगा ना आम्लात, ना चार्जरच्या टबात. कडक पोलादात हायड्रोजन शिरला की स्प्रिंग ठिसूळ होते आणि ऐन रानात तुटते. त्यांना हाताचा तारेचा ब्रश किंवा मळी.

पोतंभर बोल्ट असतील तर स्लॅबच्या मिक्सरमध्ये जाड वाळूसोबत फिरवूनही भागतं, पण आट्यांच्या कडा बोथट होतात.

पाण्यातून निघालेलं लोखंड तासाभरात पुन्हा तांबूस व्हायला लागतं. सायट्रिकचा माल आधी सोड्याच्या पाण्यात बुचकळा, मग लगेच पुसून उन्हात वाळवा आणि ऑइल लावा. चेन-शाफ्टला जळालेलं ऑइल चालतं, बियाण्याच्या पेटीत आतून ते लावू नका.