मिडलटन दार गेलख (ग्रिन्सेल्स वूड): आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

संग्रहासाठी घेतलेली बाटली उघडली की तिची बाजारातली किंमत त्याच क्षणी संपते, हे ठाऊक असूनही गेल्या दिवाळीत डब्लिनच्या घरी मी या आयरिश व्हिस्कीची बाटली उघडली. एका लिलावात कमिशन धरून साडेपाचशे युरो मोजून ती घेतली होती आणि दोन वर्षे ती कपाटात नुसती उभी होती. लेबलवर ‘झाड क्रमांक 4’ असे लिहिलेले आहे, म्हणजे ज्या ओक झाडाच्या पिंपांत ती मुरली त्याचा क्रमांक. ही व्हिस्की घेणारे बहुतेक जण या क्रमांकासाठीच घेतात, आणि काही हौशी संग्राहक तर एका वनातल्या सगळ्या झाडांचा संच जमवतात.

नावातला ‘दार’ म्हणजे आयरिश भाषेत ओक, आणि ‘गेलख’ म्हणजे आयरिश. आपल्या ‘देवदार’मध्ये लाकूड या अर्थाचा जो संस्कृत ‘दारु’ शब्द आहे, त्याचे आणि या ‘दार’चे मूळ एकच, दीर्घ ऊकाराची दारू मात्र आपल्याकडे फारसीतून आली. मित्रांना हे सांगितल्यावर पहिला पेला भरायला दहा मिनिटे उशीर झाला.

एकेकाळी ओकच्या रायांनी भरलेल्या आयर्लंडमध्ये, जहाजे, पिंपे आणि लोखंडाच्या भट्ट्या यांच्यापायी विसाव्या शतकाच्या आरंभी जेमतेम एक टक्का भूमीवर जंगल उरले होते. त्यामुळे कॉर्क परगण्यातल्या मिडलटन डिस्टिलरीने देशी ओक वापरायचे ठरवले, तेव्हा किल्केनी परगण्यातल्या बॅलाटोबिन इस्टेटच्या ग्रिन्सेल्स वूड या वनातली, सुमारे 130 वर्षे वयाची दहा झाडे निवडून 2012 मध्ये तोडण्यात आली. ओंडके स्पेनच्या गॅलिसिया प्रांतातल्या गिरणीत चिरले गेले, फळ्या स्पेनमधल्याच हेरेझ शहरात पंधरा महिने वाळल्या, तिथेच त्यांची 48 पिंपे बांधून आतून हलकी भाजली गेली, आणि मग ती आयर्लंडला परतली. 15 ते 22 वर्षे बर्बन या अमेरिकी व्हिस्कीच्या जुन्या पिंपांत मुरलेली पॉट स्टिल व्हिस्की (मोड आणलेले आणि न आणलेले सातू मिसळून तांब्याच्या भांड्यात गाळलेली) त्यांत भरून जवळजवळ वर्षभर ठेवली, दर महिन्याला चाखली आणि 2015 मध्ये विक्रीला आणली. देशी म्हणवणाऱ्या लाकडाने इतका परदेश प्रवास केला, याची मला गंमत वाटते. पण पिंप बांधणारे कसबी हात जिथे आहेत तिथेच लाकूड जाणार.

बाटली उघडतानाच पहिला धक्का बसला. बूच मधोमध तुटले आणि त्याचा भुगा आत पडला. आधीच्या मालकाने, तो कोण होता हे मला माहीत नाही, वाइनप्रमाणे बाटली आडवी ठेवली असावी. इतक्या तीव्र मद्याचा बुचाशी सतत संपर्क राहिला तर बूच खराब होते, म्हणून व्हिस्कीची बाटली नेहमी उभी ठेवावी. कॉफीच्या गाळणकागदातून सगळी व्हिस्की गाळून मी ती पुन्हा भरली आणि दुसऱ्या बाटलीचे बूच तिला लावले.

पहिल्या रात्री मी निराश झालो होतो, हे मान्य करायला हवे. मद्याचे प्रमाण 58 टक्क्यांच्या आसपास असल्याने नाकाला फक्त झोंबणारा व्हॅनिला आणि नुकत्याच रंधलेल्या फळीचा वास कळला. जिभेवर लवंग आणि सुंठ होती, पण शेवटी कच्च्या पेरूसारखा तुरटपणा राहिला. तीन आठवड्यांनी, बाटलीत थोडी हवा गेल्यावर, तोच पेला वेगळा लागला: तुरटपणा मागे सरला आणि काकवी, भाजलेली चारोळी, जायफळ असे काहीतरी पुढे आले. फेब्रुवारीत बाटली निम्मी झाली होती, आणि माझ्या मते ती तेव्हा सर्वांत चांगली होती. पाणी घालायला मात्र घाबरू नये. 30 मिलिलिटरमध्ये दीड चमचा पाणी घातले की तीव्रता 46 टक्क्यांवर येते. तिथे सातूचा तेलकट, दाट पोत टिकतो आणि लाकूड बेताने बोलते. मे महिन्यात ठाण्याहून आलेल्या मामांनी सरळ तीन बर्फाचे खडे टाकले, तेव्हा मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

46 टक्के हा आकडा मी मुद्दाम गाठला, कारण पॉवर्स जॉन्स लेन ही मिडलटनचीच बारा वर्षांची पॉट स्टिल व्हिस्की त्याच तीव्रतेची असते. दोन्ही पेले शेजारी ठेवून चार-पाच वेळा चाखल्यावर घराण्याची खूण लगेच पटते: मोड न आणलेल्या सातूचा तिखटपणा दोन्हीकडे सारखाच आहे. दार गेलखमध्ये त्यावर व्हॅनिला आणि कॅरमेलचा आणखी एक जाड थर चढलेला आहे. आयरिश ओकमध्ये व्हॅनिलिनसारखी (व्हॅनिलाचा वास देणारी), लिग्निन या लाकडाला कडकपणा देणाऱ्या घटकापासून तयार होणारी द्रव्ये अधिक असतात, असे कंपनी सांगते. ते खरे असेलही, पण माझी शंका वेगळी आहे. बर्बनचे पिंप आधीच एकदा वापरलेले असते, तर ही पिंपे कोरी होती, आणि कोरे लाकूड कोणत्याही देशाचे असले तरी जोराने उतरते. मग पेल्यात जे लागते, त्यातले आयरिशपण किती आणि नवेपण किती? आठ महिन्यांत मला हे वेगळे करता आले नाही. त्याच वनातल्या दुसऱ्या एका झाडाची व्हिस्की मित्राकडे चाखली. फरक होता, पण बाटली किती दिवस उघडी होती, यानेही तितका फरक पडतोच. झाडाचा क्रमांक लेबलवर वाचायला छान वाटतो, जिभेला तो कळतो असे मी म्हणणार नाही.

700 मिलिलिटरच्या बाटलीत इथल्या पबच्या 35.5 मिलिलिटर मापाचे जेमतेम वीस पेले होतात, म्हणजे मला एक पेला सुमारे 28 युरोंना पडला. संच जमवणाऱ्याने या हिशेबात पडू नये. पिण्यासाठी घ्यायची असेल, तर आधी चांगल्या पबमध्ये एक माप मागवावे, अर्धा तास ते पुढ्यात ठेवावे आणि मगच ठरवावे. लिलावाच्या भावात मी स्वतः पुन्हा घेणार नाही.

एप्रिलच्या अखेरीस तळाला तिसरा हिस्सा उरला असताना चव फिकी पडू लागली, म्हणून उरलेली व्हिस्की मी छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवली. आता तिच्यात तीन पेले शिल्लक आहेत. त्यातला एक मामांनी राखून ठेवायला सांगितला आहे, बर्फासकट.